रॉक बँडवर बसलेली भुलाबाई

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी, अक्कल गहाण ठेवून, आमच्या ह्यांच्या लाडक्या अमेरिकन रॉक बँडवर भुलाबाई बसवली! कापसाच्या गाड्या दारावरून गेल्या की आजही ते आठवतं. त्या बँडच्या एकूण एक कॅसेटी ह्यांनी हैदराबादहून जमवलेल्या. एकीतलं बोंबलणं ऐकून मला वाटलं, टेप बिघडली. मग कॅसेटवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून कडेला जे भोक ठेवलेलं असतं, तेच मी दीडशहाणीने कापसाने बुजवलं, आणि माहेरच्या आठवणीने रडत रडत आम्ही मुली मूर्ती बसवून भोंडल्यासारखी म्हणायचो ती भुलाबाईची गाणी तिच्यावर भरली. संध्याकाळी ह्यांनी तीच कॅसेट लावली. गिटारीऐवजी माझा चिरका आवाज! मी दाराआड उभी. मधल्या हुंदक्यांसकट शेवटपर्यंत ऐकून हे म्हणाले, “दुसऱ्या बाजूले इंग्रजीच काऊन ठेवलं वं? तिकडंबी गा.”