एक ओळ खाली सरकलेला ‘कै.’

लालबागमधली आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत उभी राहिली, तरी चाळीच्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी निघते. तिची शेवटची आठ पानं आजी-माजी सभासदांच्या यादीची असतात. नाव, समोर चाळीतल्या जुन्या खोलीचा क्रमांक, आणि माणूस हयात नसेल तर नावाआधी ‘कै.’. आमच्याकडे स्मरणिका मागून उघडतात. आधी स्वतःचं नाव, मग आपल्या गेलेल्या माणसाचं.

ही यादी एकोणीस वर्षं मी केली. नोकरी दैनिकात, उपसंपादकाची. जुनी फाईल उचलून वापरली की जुन्या चुकाही तशाच राहतात, हे डेस्कवर शिकलो होतो. म्हणून मागच्या वर्षीची छापील प्रत शेजारी ठेवायची, पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची आणि सगळी यादी नव्याने टाइप करायची, असा माझा नियम होता. तीन आठवडे लागत. स्मरणिकेच्या दुसऱ्या पानावर ‘संपादन’ या शब्दाखाली माझं एकट्याचं नाव असे. यादीत चूक नसते, असं इमारतीत म्हटलं जाई. हे वाक्य मी दोनदा स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कधी आणि कोणाकडून, तेही लक्षात आहे.

यंदा माझा जुना संगणक बंद पडला. नव्यावर मागच्या वर्षीची फाईल उघडली, तर जुना फॉण्ट त्यात नव्हता. नावांच्या जागी चौकोन, इंग्रजी अक्षरं आणि टक्क्याची चिन्हं. मी छापील प्रत आणि पट्टी काढली. तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी आला. तो माझ्या वर्गातला.

“सोड ती पट्टी,” तो म्हणाला. “अकराव्या मजल्यावरच्या ताईंना दे. सोसायटीची सगळी जुनी पत्रं त्यांनी नव्या फॉण्टमध्ये करून दिली.”

“टाइप करून?”

“नाही रे. कायतरी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिलाय त्यांनी. बटण दाबलं, खलास.”

ताई पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लिपिक होत्या. माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. संगणक शिकल्या त्या निवृत्तीनंतर, इंटरनेटवरचे शिकवणारे लेख वाचून. मी पेन ड्राइव्हवर फाईल घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर सोललेल्या मटारांचं ताट होतं आणि पडद्यावर एक काळी खिडकी. त्यांनी तिच्यात एक ओळ लिहिली. चौकोनांची नावं झाली. आठही पानं. ताटातले मटार मी पाहत होतो तेवढ्यात झालं.

“हे सॉफ्टवेअर केवढ्याला पडलं?” मी विचारलं.

“फुकट आहे, भाऊ. कोणीतरी करून ठेवलंय, कोणीही घ्यावं म्हणून. आत कसं लिहिलंय तेसुद्धा उघडून बघता येतं. जुन्या फॉण्टचा तक्ता तेवढा मी भरला. र्‍हस्व वेलांटीने फार छळलं.”

मी चांगलं झालं म्हणालो. लिफ्टमध्ये सहाव्या मजल्याचं बटण दाबताना लक्षात आलं की माझे तीन आठवडे गेले. ते मला नको होते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो.

पुढच्या पंधरवड्यात खाली गेटजवळ जो भेटे तो हीच गोष्ट सांगे. सेक्रेटरी म्हणाला, “तुझं तीन आठवड्यांचं काम तिने मटार सोलता सोलता केलं.” त्याला मटार कोणी सांगितले, माहीत नाही. मीच सांगितले असावेत. वरच्या मजल्यांवरचे लोक फायली घेऊन अकराव्याकडे जाऊ लागले. एका बाईंनी लिफ्टमध्ये मला विचारलं, “तुम्ही पण त्यांच्याकडेच का?” मी सहाव्यावर उतरलो.

मग मी त्यांच्या यादीत चुका शोधायला बसलो. मंडळाला कारण ‘अंतिम तपासणी’ असं सांगितलं होतं. चार संध्याकाळी, पट्टी लावून. वेलांट्या बरोबर. जोडाक्षरं बरोबर. खोल्यांचे क्रमांक बरोबर. चौथ्या संध्याकाळी एक चूक सापडली. आमच्या चाळीत एकाच नावाची दोन माणसं होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही सारखी. गिरणीही एक आणि कोकणातली वाडीही एक. खोली बारा आणि खोली चौतीस. यादी अकारविल्हे, म्हणून दोघं एकाखाली एक. बारामधले आठ वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला मी होतो. चौतीसमधले मुलाकडे अँटॉप हिलला राहतात. यादीत ‘कै.’ चौतीसच्या नावाआधी होता.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवायला हवं. जिवंत माणूस मेलेला छापला जाणार होता आणि मला आनंद झाला.

मी लगेच अकराव्यावर गेलो. ताईंनी चष्मा लावून पाहिलं. “माझं स्क्रिप्ट अक्षरं बदलतं, जागा बदलत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या जुन्या फायली आहेत ना? त्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्याच होत्या.”

त्यांनी दुसरं एक साधन उघडलं, तेही फुकटचं. दोन फायली शेजारी शेजारी ठेवायच्या. जिथे फरक असेल ती ओळ रंगते. सात वर्षांपूर्वीची यादी आणि तिच्या आधीच्या वर्षाची. दोन ओळी लाल झाल्या. एका वर्षी बारावर असलेला ‘कै.’ पुढच्या वर्षी एक ओळ खाली, चौतीसवर. तिथून पुढे सातही वर्षं तिथेच. त्या वर्षी टाइप करताना माझी पट्टी एक ओळ चुकली होती. नव्याने टाइप केलं नसतं तर ही चूक झालीच नसती.

मटारांसारखं काही हाताशी नव्हतं, म्हणून ताईंनी चष्मा पुसला.

“आणखी आहेत?” मी विचारलं.

“आहेत थोड्या. मला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या. म्हटलं, तुम्ही तपासणी करताय, तुम्हाला सापडतील.” त्यांनी खणातून एक घडी केलेला कागद काढून दिला. चौदा ओळी होत्या. “कोणाला दाखवलेला नाही.”

तो कागद त्यांनी सेक्रेटरीला दिला असता तर मी त्यांचा राग करू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी अँटॉप हिलला गेलो. चौतीसमधले काका नव्वदीच्या आसपासचे, खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“माका ठावक आसा. सात वर्सां वाचतंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुका वायट वाटात म्हणान. तू पेपरातलो माणूस.” आतून काकी म्हणाल्या, “मरणाची खोटी खबर इली की आयुष्य वाढता. मीच म्हटलंय, गप ऱ्हवा.”

आणि बारामधल्या बाई? नवरा सात वर्षं हयात छापलेला पाहून त्याही गप्प होत्या. त्यांच्याकडे जायला मला आणखी तीन दिवस लागले. त्या म्हणाल्या, “मला बरंच वाटायचं ते.”

स्मरणिकेत शुद्धिपत्रक द्यायचं मी ठरवलं. मंडळात असं आधी कोणी दिलेलं नव्हतं. चुकांच्या यादीवरचा चार ओळींचा मजकूर तीनदा लिहिला. पहिल्या दोन खर्ड्यांत चुका कोणी शोधल्या ते नव्हतं. ‘निदर्शनास आल्या’ एवढंच होतं. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वापरलं आहे. तिसऱ्या खर्ड्यात ताईंचं नाव घातलं, आणि ‘संपादन’ या शब्दाखालीही, माझ्या वर.

प्रूफ त्यांच्याकडे पाठवलं. परत आलं तेव्हा दोन्ही ठिकाणी त्यांचं नाव पेन्सिलीने खोडलेलं होतं. समासात लिहिलं होतं: ‘कोण जिवंत आहे हे स्क्रिप्टला कळत नाही. ते विचारायला तुम्ही गेलात.’ अक्षर वॉर्ड ऑफिसातलं, सरळ.

शुद्धिपत्रकातलं नाव मी पुन्हा घातलं. ‘संपादन’खाली यंदाही माझं एकट्याचं नाव छापून आलं. तिथलं ताईंचं नाव मी परत लिहिलं नाही.