ओटीपी आणि डोंगरामागची वस्ती

आमचा प्रोग्राम कोबोल या जुन्या संगणकभाषेतला, मी आणि माझ्या मित्रानं मिळून लिहिलेला. शहरातल्या एका खासगी टँकर कंपनीच्या मागच्या खोलीत आम्ही नोकरीला होतो. कोणत्या वस्तीला टँकर कधी जाणार, हे तो प्रोग्राम ठरवायचा. त्याला पासवर्ड ही भानगडच नव्हती. खोलीत येणारी माणसं मोजकी, सगळी ओळखीची. कशाला हवा होता?

मग दुष्काळ पाठ सोडेना, आणि इकडं शहर बायपासच्या पलीकडं पसरत सुटलं. फोन घेऊन घेऊन ऑपरेटर कावले. साहेब म्हणाले, लोकांना मोबाइलवरून मागणी करता आली पाहिजे. प्रोग्राम नव्यानं लिहायचा नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. चांगला चालणारा प्रोग्राम कोण मोडतं? त्याच्यापुढं एपीआय बसवायचा, म्हणजे बाहेरचं ॲप त्याच्याशी बोलू शकेल. प्रश्न एवढाच, की बोलू द्यायचं कुणाला.

मी म्हणालो, ज्याचा मोबाइल नोंदवलेला आहे त्यालाच. ओटीपी टाकला की त्या मागणीपुरतं टोकन, म्हणजे आत जायचा परवाना मिळेल, आणि टोकनशिवाय मागणी आत जाणार नाही.

"पाणी मागायला ओळख कशाला लागती रे?" मित्र म्हणाला.

माझं डोकं लवकर तापतं. "तुझ्या भोळेपणापायी उद्या बिल्डर लोक वस्तीच्या नावावर टँकर पळवतील," मी सुनावलं. आणि झालंही तसंच. चाचणीसाठी काही दिवस ओळख न विचारता मागण्या घेतल्या, तर वस्त्यांच्या नावानं भलत्याच लोकांनी टँकर मागवले. ड्रायव्हरला वाटेत फोन करून वळवायचे आणि पाणी नव्या इमारतींच्या स्लॅबवर ओतायचे. साहेबांनी माझी पद्धत मंजूर केली. मी मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू.

मित्राची आत्या खुलताबादच्या डोंगरामागं वस्तीवर राहायची. तिथं रेंज नाही. पोरं फोन घेऊन टेकडीवर चढायची, मागणी टाकायची आणि ओटीपीची वाट बघत बसायची. कधी तो यायचाच नाही, कधी मुदत टळल्यावर यायचा. वस्तीची खेप हुकायला लागली.

"त्या भागाला एकच कायमचं टोकन दे. मी सांभाळतो, माझ्यावर सोड," मित्र म्हणाला.

मी नाही म्हणालो. कायमचं टोकन एकदा बाहेर गेलं, की सगळ्या वस्त्यांचं पाणी पुन्हा त्याच लोकांच्या हाती. त्याऐवजी रेंज नसलेल्या वस्त्यांची खेप आपोआप लागेल अशी सोय मी करून दिली. पण जुन्या प्रोग्रामला ते शिकवायला वेळ गेला. तेवढ्यात आत्यानं घराला कुलूप लावलं आणि ती शहराजवळच्या बजाजनगरला मुलाच्या एका खोलीत राहायला गेली. परत गेलीच नाही.

मित्र भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुझं बरोबर हाय. लई बरोबर हाय. पण आत्याचं घर बंद पडलं ना." नंतर त्यानं नोकरी सोडली. मी चुकलो नव्हतो, हे आजही कुणालाही ठणकावून सांगेन. पण बरोबर असण्याचा कसला आनंद? चहाला त्याच्याशिवाय दुसरं कुणी कधी आवडलं नाही मला.

परवाच्या उन्हाळ्यात मी नाकारलेल्या मागण्या तपासत होतो, तर त्यात त्याचं नाव. बायपासपलीकडच्या नव्या कॉलनीत घर घेतलंय, हे मला तिथंच कळलं. ओटीपीची मुदत टळलेली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा टळलेली. मग एकदाचा जमला आणि त्याची मागणी इतरांच्या मागं रांगेत लागली.

माझा नंबर त्याला तोंडपाठ आहे. त्यानं नुसतं "अरे" म्हटलं असतं, तरी मी टँकरमध्ये बसून त्याच्या दारात गेलो असतो. त्यानं ओटीपीची वाट बघितली.