मापाला दिलेला शर्ट

शिंप्याकडे मापाला आलेला कपडा कापायचा नसतो, हे मशीनखाली झोपणाऱ्या मांजरालाही कळतं. मी कापला. आणि कोणाचा, तर आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बायकांनी अंगावर काय घालावं हे जिनं कोणालाही न शिकवता शिकवलं, तिचा. आज चंद्रपूर-गडचिरोलीकडे एखादी नर्सबाई, अंगणवाडीची सेविका किंवा भाताच्या रोवणीला निघालेली सून कॉलरचा, खिशाचा ब्लाउज घालून झोकात चालताना दिसली, तर खुशाल समजा की ती त्या मासोळीवालीच्या पावलावर पाऊल टाकून चालली आहे. तिला ते माहीत नाही. माहीत नसण्याचं कारण मी आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि चोविसाव्या वर्षी माणूस जितकं शहाणं असतं तितकं पुन्हा कधी होत नाही. नागपूरला मामाकडे राहून सहा महिन्यांचा शिवणक्लास केलेला, वडशाच्या बाजारगल्लीत एक पायमशीन टाकलेली, आणि गळ्यात मापाची पट्टी. ती पट्टी मी भाजी आणायला जातानाही काढत नसे. डॉक्टर नाही का गळ्यात नळी घालून हिंडत! फॅशन मुंबईत जन्मते, मेलगाडीनं नागपूरला येते आणि तिथून छोट्या लाइनीच्या गाडीनं रखडत रखडत आमच्याकडे पोहोचते, असं माझं पक्कं मत होतं. स्टेशनवर तिला उतरवून घ्यायला गावात माझ्याशिवाय कोणी नाही, हेही मत तितकंच पक्कं. दुकानाच्या भिंतीवर सिनेमाच्या मासिकांतल्या नट्या चिकटवल्या होत्या. गिऱ्हाइकानं साधी बाही सांगितली की मी भिंतीकडे बोट करायची आणि फुग्याची बाही लावून द्यायची. बायका मुकाट्यानं न्यायच्या. त्यांना ती आवडायची असं मला वाटायचं.

आणि समोरच्या रस्त्यानं आठवड्यातून दोनदा ही जायची. डोक्यावर मासोळीचं टोपलं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, आणि लुगड्यावर चक्क पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. पदर शर्टाच्या आत. गळ्याचं बटण लावलेलं. बाह्यांना दोन घड्या. तीन नाही, एक नाही, दोन. छातीवरच्या खिशात कंगवा, अडकित्ता आणि पेन्सिलीचा तुकडा. तिला लिहिता येत नव्हतं, पण पेन्सिल खिशाला शोभते म्हणून होती. शर्टाला मासोळीचा वास आणि तरीही बाहीवर इस्त्रीची घडी! पितळी लोट्यात निखारे भरून ती इस्त्री करायची. एकदा बाजारात एका दुकानदाराच्या गाडीनं चिखल उडवला, तर हिनं टोपलं खाली ठेवलं, शर्ट काढला, हापशीवर धुतला, हातानं ताणून ताणून वाळवला, आणि तोवर गिऱ्हाइकांना सांगितलं, "थांबा न बाप्पा, मासोळी मेलेलीच हाय, पळून नाई जात." माणसं थांबली. तिच्यासाठी माणसं थांबायची, हे मला फार खुपायचं.

गावभर बोलवा अशी की तो शर्ट तिच्या मेलेल्या नवऱ्याचा आहे. मला तर ही गोष्ट इतकी आवडली की मी चार जणींना डोळ्यांत पाणी आणून सांगितली. एकदा धीर करून तिलाच विचारलं, "बाई, त्यांची आठवण म्हणून घालता न?" ती इतकी हसली की टोपल्यातल्या मासोळ्या हलल्या. "त्याची? त्याले कुठी होती शर्ट घ्याची अक्कल? तो बंडीवर जगला अन् बंडीवरच मेला. हा म्या माह्या पसंतीनं घेतला." मग मी विचारलं, शर्टच काऊन, कशासाठी? तर म्हणाली, "तलावात ऊन लागते, जळवा लागते, शिंगाड्याचे काटे लागते. अन् दुसरं असं का, बाईच्या अंगावर नऊ वार कपडा, पन एक कागद ठिवाले जागा नाई." एवढ्या एका वाक्यावर मोठमोठ्या शहरांतल्या लोकांनी आपली दुकानं उभी केली असती. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला तिची नक्कल करून दाखवली.

तिचं बघून रोवणीच्या बाया शर्ट घालू लागल्या. तेंदूपत्ता तोडणाऱ्या घालू लागल्या. मार्कंड्याच्या जत्रेत तर मी दोन पोरींना आरशासमोर उभ्या राहून बाह्यांच्या घड्या मोजताना पाहिलं. आणि मी, जिल्ह्यात फॅशन आणणारी एकमेव बाई, घरी येऊन म्हणाले, "या लोकांना ना टेस्टच नाही."

मग एका पावसाळ्याच्या तोंडी ती माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच. टोपलं बाहेर ठेवलं, पाय पुसले, आणि कागदातून नवं पांढरं कापड काढलं. सोबत तिचा सगळ्यात चांगला शर्ट, निळ्या बारीक रेघांचा. म्हणाली, "टेलरबाई, हे माप. असाच दुसरा शिव. बटनं शिंपल्याची लाव. सोमवारी सोसायटीची सभा हाय."

सभेचं असं होतं. मासेमारांच्या सोसायटीत तिचा नवरा सभासद होता. सभासद असेल त्यालाच तलावात जाळं टाकता यायचं. तो गेल्यावर त्याची जागा घरातल्या कोणाला द्यायची हे सभा ठरवणार होती. एका बाजूला दीर, एका बाजूला ही. बाई आजवर कोणी सभासद झालीच नव्हती. पण हिनं मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला होता आणि गावातल्या बारा बायांचे अंगठे त्यावर घेतले होते. जागा मिळाली तर तलाव तिचा. नाही मिळाली तर उरलेला जन्म दुसऱ्यांची मासोळी डोक्यावर वाहायची.

हे सगळं तिनं मला नीट सांगितलं. मी नीट ऐकलं. आणि ती गेल्यावर माझ्या मनात दयेचा असा काही पूर आला म्हणून सांगू! इतक्या पुरुषांसमोर ही बिचारी शर्ट घालून उभी राहणार? मी असताना? मी त्या नव्या कापडाचा ब्लाउज बेतला. फुग्याच्या बाह्या, गळ्याला झालर, पाठीला नाडी, आणि फिटिंग असं की आत श्वास गेला तर बाहेर यायला रांग लागावी. कापड पातळ वाटलं म्हणून अस्तर हवं होतं. समोर तो रेघांचा शर्ट पडला होता, कोपराला विरलेला, पण पाठ चांगली शाबूत. मी कात्री उचलली. काटकसरीचं मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

रविवारी ती न्यायला आली. ब्लाउज हातात घेऊन उलटा केला, आतलं अस्तर पाहिलं, निळ्या रेघा ओळखल्या. मी म्हटलं, "कशी दिसाल बघा उद्या, एकदम वेगळ्याच." तिनं रेघांवरून अंगठा फिरवला. मी विचारलं, "घरी दुसरा आहे न शर्ट?" "हाय. पान्यातला. फाटका घालून हक्क मांगाले जाऊ?" एवढं म्हणून तिनं ब्लाउज टोपल्यात ठेवला. मी तिला दारापर्यंत पोहोचवायला गेले, हेही सांगून टाकते. आभार मानेल असं वाटलं होतं.

पुढचं मला तिनं नाही सांगितलं. तिच्या शेजारणीनं बाजारात सांगितलं, आणि तिखटमीठ न लावता सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं. सोसायटीची खोली तलावाच्या पलीकडे. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, लांब पडतं म्हणून ही नेहमी उथळ अंगानं कमरेइतक्या पाण्यातून जायची, कागदपत्र छातीवरच्या खिशात कोरडे. त्या दिवशी खिसा नव्हता. माझ्या फिटिंगमुळे ब्लाउजच्या आत कागद काय, बोटही सरकत नव्हतं. तिनं अर्ज कमरेला खोचला आणि सवयीनं पाण्यात उतरली. मधोमध गेल्यावर ध्यानात आलं.

खोलीत शिरली तेव्हा एक जण म्हणाला, "या या! कोन्या नाटक कंपनीच्या म्हनाच्या बाई आपन?" दुसरा म्हणाला, "पेटी काढा रे, गानं होते आता." वडशाकडे नाटकांचं काय वेड, त्यामुळे सगळ्यांनाच विनोद पटकन कळला. अर्ज पुढे केला तर शाई पसरलेली, बारा अंगठ्यांचा एकच निळा डाग. सचिव म्हणाले, वाचता येत नाही, तोंडी सांगा. ती उभी राहिली. बोलायच्या आधी छातीवरची पेन्सिल चाचपायची तिची सवय. हात तिथे गेला, झालर हाताला लागली, पुन्हा हशा झाला. आणि ती खाली बसली. गाड्या, दुकानदार, पाटील, कोणासमोरही न बसलेली बाई. जागा दिराला गेली.

हे ऐकून मला काय वाटलं असेल? मला राग आला. इतकी मेहनत घेऊन शिवलं, धड मिरवताही आलं नाही! चांगला महिनाभर मी रागावून होते. मग कधीतरी कात्री हातात घेतली की तो रेघांचा शर्ट दिसू लागला. मी एक ब्लाउज शिवला: कॉलर, दोन घड्यांची बाही, छातीवर खोल खिसा. तिला द्यायचा म्हणून दाराशी टांगला. ती पुढे त्या गल्लीनं आलीच नाही, पलीकडच्या रस्त्यानं जाऊ लागली. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तो पाहिला, खिशात बोटं घालून पाहिली आणि म्हणाली, मला असाच हवा. मग तिची बहीण, मग शाळेतल्या बाई, मग आरमोरी, ब्रह्मपुरी, मूल. लोक त्याला माझ्या दुकानाचा कट म्हणू लागले. मी कोणाला अडवलं नाही.

परवा माझी नात मोबाइलवर वाचून दाखवत होती, जगाचे कपडे बदलणाऱ्या बायका म्हणून. एकीनं बायकांना पाटलोण घातली, एकीनं कंबर सोडवली, एकीनं काळा रंग सुतकातून बाहेर काढला. "आजी, तूपण यातलीच," म्हणाली. मी लाजले. सत्तरी ओलांडल्यावर खोटं लाजणं फार छान जमतं. त्याच महिन्यात चंद्रपूरला बायकांच्या एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, हार. निवेदिकेनं विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? माईक समोर होता, सभागृह गप्प होतं, तिचं नाव जिभेवर होतं. मी म्हणाले, "सुचलं बाई असंच, बसल्या बसल्या."

टाळ्या पडल्या. घरी परत येताना गाडीत शालीचं टोक मी इतकं कुरतडलं की नातीनं विचारलं, आजी, दात दुखून राहिला का? दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन त्या मासोळीवालीच्या गावी गेले. म्हातारी पडवीत बसून जाळ्याचे फाटके डोळे विणत होती, जाळं पुतण्याचं. अंगात शर्ट होता, बाह्यांना दोन घड्या. मला तिनं पट्टकन ओळखलं, नातीला जवळ बसवलं, आम्हाला गुळाचा चहा दिला. मी सगळं ओकून टाकलं: दया, कात्री, अस्तर, दारातला ब्लाउज, माईक, टाळ्या. शाल तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, ही तुमची आहे बाई, मला काय ती शिक्षा सांगा. तिनं शाल उचलली, हलक्या हातानं घडी घातली, परत माझ्या पिशवीत ठेवली. रागावली नव्हती. एखादी गोष्ट खूप वर्षं विचारायची राहून गेलेली असावी, तशी माझ्याकडे वाकून म्हणाली:

"मी कापड आनलं, माप आनलं, दिवसबी सांगतला. मंग मी मांगतलं तेच काऊन नाई शिवलं, टेलरबाई?"