वैजू, तू खाली बस

सांगलीहून निघाले त्या सकाळी दारात फोटो काढायचं ठरलं. बॅगा रिक्षात गेल्या होत्या, आईनं हातावर दही घातलं होतं, आणि माझा धाकटा भाऊ प्रसाद मोबाईल घेऊन समोर उभा होता. शेजारपाजारचे धरून बरीच माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभी राहिली. मी आपली मागच्या रांगेत गेले. आई म्हणाली, "वैजू, तू खाली बस. फोटोत मावत न्हाईस." निरोप माझा, तिकीट माझं, आणि मी सगळ्यांच्या पायांशी, ऑपरेशन झालेला गुडघा मुडपून, तीन वर्षांच्या इराला मांडीवर घेऊन बसले. फोटो छान आला. सगळ्यांची तोंडं दिसली.

माझ्या जुन्या बास्केटबॉल टीममधल्या बायांनो, तुमच्यातल्या निम्म्या अजून तिथंच आहात आणि निम्म्या मस्कत, कॅनडा, कुठं कुठं पांगलात. ग्रुपवर तुम्ही मला 'हेड कोच मॅडम' म्हणता, टाळ्यांची चित्रं टाकता. मीही अंगठा दाखवून मोकळी होते. आज म्हटलं, खरं काय ते लिहावं.

पाच फूट अकरा इंच उंचीची मुलगी सांगलीतल्या मध्यमवर्गीय घरात कशी वाढते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शाळेच्या फोटोत बस, लग्नाच्या पंगतीत कडेला बस, देवळात मागं बस. मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा ते येण्याआधीच आई मला खुर्चीवर बसवून ठेवायची आणि पोहे काकूकडून फिरवायची. उठायची वेळ आली की स्थळ मोडायचं. शेवटी संदीप आला. माझ्यापेक्षा दोन इंच कमी. त्यानं मला वर मान करून पाहिलं आणि म्हणाला, "मला चालेल." संध्याकाळी भाजीवाल्याकडची उरलेली मेथी आपण जशी घेतो, तसं ते 'चालेल' होतं. माणूस वाईट नाही माझा. पण ते 'चालेल' मी अजून विसरलेले नाही.

फक्त कोर्टावर कुणी बस म्हणालं नाही. अण्णा, माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. कामावरून येताना ते सायकल कुंपणाला लावून आपली प्रॅक्टिस बघत उभे राहायचे. "उंची लपवायला न्हाई, वापराय दिलीया," हे त्यांचं वाक्य मी किती मुलींना ऐकवलं असेल. त्या उंचीवरच मला सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली. पगार घ्यायचा आणि बास्केटबॉल खेळायचा, आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू म्हणजे एवढंच. पण किती मान होता त्यात. बास्केटखाली पोस्टवर पाय रोवून हात वर केला की बॉल मला यायचाच. बॉल हातात असताना मी कधी खांदे पाडून उभी राहिले नाही.

मग गुडघा गेला. मला वाटलं, निदान ज्युनिअर मुली शिकवायला देतील. खात्यानं मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मी अण्णांकडे जाऊन रडले, तर ज्यांनी उंची वापरायला सांगितली तेच म्हणाले, "खुर्ची मिळाली न्हवं? मग बस आता निवांत." त्यांच्यावर तेव्हा धरलेला राग ते गेल्यावरही माझ्या मनातून गेलेला नाही. संदीपला सौदीत दम्मामला सेफ्टी इंजिनिअरची नोकरी लागली आणि मी राजीनामा दिला. नवऱ्यामागून गेली, असं सगळे म्हणतात. मी त्या टेबलापासून पळाले.

दम्माममधली पहिली वर्षं फ्लॅटच्या चार भिंतींत गेली. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या हातात, बाहेर अशी दमट हवा की दार उघडताच चष्म्यावर वाफ. मुलींनी खेळायचं वगैरे तेव्हा इथं कुणी उघड बोलत नव्हतं. मी बाल्कनीत उभी राहून इराचा रबरी बॉल आपटायचे, तर खालच्या मजल्यावरची केरळी बाई वर येऊन सांगून गेली, बेबी सोती है. मग दोन-तीन वर्षांत दिवस पालटले. बायका गाडी चालवायला लागल्या, मीही शिकले. एका क्लबनं मुलींची टीम काढली. हॉलच्या दाराला जाड पडदा, आत येताना फोन जमा करायचे. मी सहायक कोच म्हणून लागले. अरबीत मुसाइदा, म्हणजे मदतनीस. मुली मात्र मला कॅप्टन म्हणायच्या. इथं कोचला तसंच म्हणतात, पण मला कानाला बरं वाटायचं.

त्या मुलींत रीम होती. सतरा वर्षांची, माझ्या कानापर्यंत येणारी, आणि खांदे पुढं पाडून चालणारी. भाऊ तिला झराफा म्हणून चिडवायचे. जिराफ. मलाही शाळेत हेच म्हणायचे; शब्दसुद्धा तोच बघा, समुद्र ओलांडून. तिला शॉट शिकवायच्या आधी मी तिला उभं राहायला शिकवलं. भिंतीला पाठ, टाचा चिकटवून. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजाला प्रॅक्टिस थांबायची, मुली परत यायच्या, मी 'यल्ला', चला, म्हणायचे आणि रीम न सांगता ताठ होऊन पोस्टखाली जायची. तिला तसं बघितलं की मला माझीच पाठ सरळ झाल्यासारखी वाटायची.

हेड कोच जॉर्डनची होती. हंगाम अर्ध्यावर असताना तिच्या घरी कुणी आजारी पडलं आणि ती गेली ती गेलीच. मॅनेजर मला म्हणाले, आता तुम्हीच बघा, पुढच्या हंगामाचं इन्शाअल्ला तुमच्याच नावानं करू. तुम्हाला नियम आठवतो ना? खेळ चालू असताना बाकाजवळ एकाच कोचला उभं राहता येतं. बाकीच्यांनी बसायचं. उरलेला हंगाम मी उभी राहिले. पूर्ण उंचीनं, रेषेच्या आत, हातवारे करत, घसा फाटेपर्यंत ओरडत. आम्ही एकामागून एक मॅचेस काढल्या. त्यातल्या एका मॅचचा फोटो क्लबनं टाकला, तोच बघून तुम्ही मला हेड कोच करून टाकलंत. खरं सांगते, मीही करून टाकलं होतं. इरा हॉलच्या वरच्या बाकांवर बसून बघायची आणि शाळेत सांगायची, माय मॉम इज द कोच.

पुढच्या हंगामात क्लबनं युरोपातून एक कोच आणली. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, खेळाची जाण चांगली, वागायला गोड. तिच्याबद्दल वाईट लिहायला मला काही सापडत नाही, हाच तर वैताग आहे. मॅनेजरनी मला कॉफी पाजली. तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे, पण स्पॉन्सर लोकांना बाहेरचं नाव लागतं, असं काहीसं म्हणाले. मी काय शेजारच्या कुपवाडमधून आले होते? मीही बाहेरचीच. पण बाहेर-बाहेरमध्ये फरक असतो, तो इथं येऊन कळतो. मी खलास म्हणून उठायला हवं होतं. कॉफी संपवली आणि मान हलवली.

पहिलीच मॅच होती. दुसऱ्या टीमनं आमचा बचाव एका बाजूनं फोडला, आणि मी उठून ओरडले. रेफ्रीनं येऊन ताकीद दिली. मी बसले. मुद्दाम नाही केलं हो, पायांना सवय होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये रीम चुकीच्या जागी अडकली आणि तिनं बाकाकडे पाहिलं. नव्या कोचकडे नाही, माझ्याकडे. मी पुन्हा उभी होते. शिट्टी वाजली. बाकावर टेक्निकल फाउल, त्यांना एक फ्री थ्रो. मॅच आम्ही त्या एका पॉइंटनं हरलो नाही, चांगल्या आठांनी हरलो. पण नवी कोच माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "प्लीज, सिट."

तिच्या तोंडून मला आईच ऐकू आली. मी बसले. तेवढं पाहून रीमनं नजर काढून घेतली आणि उरलेल्या वेळात बाकाकडे बघितलंच नाही. वर इरा बसली होती. घरी गेल्यावर संदीप म्हणाला, जाऊ दे, तुला कुठं गरज आहे. तेही एक 'चालेल'च.

तेव्हापासून मी बसते. गुडघ्यांवर हात ठेवून, मॅचभर. रीम आता छान खेळते, नव्या कोचकडे बघून खेळते, आणि तसंच असायला हवं. मला मात्र ते सोसत नाही. असं लिहिताना लाज वाटत नाही, कारण तुमच्यातल्या प्रत्येकीला असा एक तरी बाक मिळालेला आहे.

या सुट्टीत आम्ही सांगलीला गेलो. आपलं कोर्ट बघायला गेले होते. तिथं आता लग्नाच्या गाड्या लागतात; बोर्डाचा एक खांब उभा आहे, त्याला कुणीतरी मंडपाची दोरी बांधली होती. घरी सगळे प्रेमानं वागले, हे खोटं नाही. आईनं इराला खाऊ घालून घालून दमवलं. दम्मामला मी काय करते, हे कुणी विचारलं नाही. प्रसादनं एवढंच विचारलं, तिकडं उकाडा लई असतोय का.

निघायच्या दिवशी पुन्हा तीच पायरी, तेच दही, समोर प्रसाद आणि त्याचा नवा मोबाईल. इरा आता बारा वर्षांची आहे. माझ्या खांद्याच्या वर गेली. ती मागच्या रांगेत मामीशेजारी उभी राहिली. आई आता थकलीय, आवाज बारीक झालाय, पण म्हणाली, "इरा, बाळ, तू खाली बस."

मला वाटलं, इरा 'व्हाय' म्हणेल. इंग्लिश मीडियमच्या पोरी प्रत्येक गोष्टीला व्हाय म्हणतात. पण पायरी उतरता उतरता ती आजीला समजावत म्हणाली, "इट्स ओके आजी. आईपण बसते."

मी तिचा दंड धरला आणि तिला परत वर चढवलं. आई काहीतरी पुटपुटली, मामी ओशाळून हसली. आम्ही दोघी मागच्या रांगेत ताठ उभ्या राहिलो, भिंतीला पाठ लावून, टाचा चिकटवून. "काढ फोटो," मी प्रसादला म्हणाले. त्यानं काढला.

विमानात बसल्यावर तो फोटो घरच्या ग्रुपवर आला. सगळी तोंडं सुरेख आली आहेत. इरा भुवयांपर्यंत आहे, मी हनुवटीपर्यंत, त्याच्या वर फ्रेम संपली. खाली कुणीतरी 'मस्त फॅमिली' लिहिलंय.

दम्मामच्या फ्लॅटवर येऊन आता आठवडा झाला. क्लबला मी पुढच्या हंगामासाठी हो कळवलंय, मुसाइदा म्हणून. संध्याकाळी हॉलचा पडदा सरकतो तेव्हा नव्या मुली अजून बॉल माझ्याकडेच मागतात, तेवढ्यासाठी. इरानं काल तो फोटो बोटांनी मोठा करून, लहान करून बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "मामा थोडा मागे का नाही गेला?"

इतकी वर्षं मी खाली बसत आले आणि हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नव्हता, मलासुद्धा नाही. आता कुणी घर म्हटलं की मला आई दिसत नाही, पायरी दिसत नाही, दह्याची वाटी दिसत नाही. मला मोबाईल धरून उभा असलेला प्रसाद दिसतो. त्याच्या मागं अख्खा रस्ता मोकळा होता.