तामोत्सुंनी थुंकलेली साके

निइगाताकडच्या आमच्या गावात तामोत्सु कुराउचींनी नाक मुरडलं की साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, ती बाटली माझ्या दुकानातून हलत नाही. जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेला हा माणूस, पण जिभेला तोड नाही. फळीवरच्या बाटल्यांखाली लावायच्या चवीच्या चिठ्ठ्या मी त्यांच्याकडूनच लिहून घेते. तोंडदेखलं बोलणाऱ्या या गावात तेवढं एकच तोंड खरं.

यंदा त्यांचा जावई रेन्जी आपल्या कारखान्याची नवी साके घेऊन आला. फक्त या वसंतापुरती, आणि कुणालाही परवडेल अशी स्वस्त. कारखाना बुडायला आलेला. ही खपली तरच तरणार होता. सोबत बायको, म्हणजे तामोत्सुंची मुलगी चिगुसा. पहिल्या घोटाला गिऱ्हाइकं म्हणाली, "वेगळीच आहे हं." आमच्याकडे याचा अर्थ, ओकारी येतेय.

तामोत्सुंनी घोट घेतला आणि सरळ माझ्या बादलीत थुंकला.

"शी! नात्तोचा वास मारतोय. पायमोजे पिळून प्यायल्यासारखं वाटतंय."

मी हुंगलं. आंबून तार सुटलेल्या सोयाबीनचा तोच बुळबुळीत वास. साकेच्या हंगामात कारखान्यातलं कुणी नात्तोला शिवत नाही. त्याचे जंतू तांदळावर चढवलेल्या बुरशीत शिरले की सगळं नासतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"नात्तो खाऊन बुरशीच्या खोलीत शिरला कोण हलकट?" तामोत्सु जावयावर खेकसले. "हाकल त्याला."

रेन्जीने मान वर केली नाही. "बाबा, चिठ्ठीत एखादी बरी ओळ लिहा."

"स्वयंपाकात मासळीचा वास घालवायला बरी, असं लिहू?" आणि त्यांनी तेच लिहिलं.

"मी होते, बाबा," चिगुसा म्हणाली. "यंदा बुरशीचं काम माझ्याकडे होतं. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही खरं बोलला नसतात."

"आणि नात्तो? अक्कल गहाण टाकली होतीस?"

"तुमच्याकडे जेवायला आले होते ना. तुम्ही माझ्यासाठी काढून ठेवला होता. नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंत. आंघोळ केली, कपडे बदलले. वाटलं, तेवढं पुरेल."

तामोत्सुंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चिठ्ठी फाडायला हात घातला. चिगुसाने ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि स्वतःच फळीला चिकटवली.