बाहेरचा थाळा चालणार नाही

लोक आमच्या जेरुसलेमला देव बघायला येतात. यहुदी भिंतीपाशी जातात, ख्रिस्ती थडग्यापाशी, मुसलमान मशिदीत. येऊ देत. उम्म रामिझच्या भट्टीकडे त्यातला एकही फिरकत नाही. कधी वाट चुकून कोणी दारात उभा राहिलाच तर ती भाकऱ्या भट्टीत सारायच्या फळीचा लांब दांडा आडवा धरते आणि म्हणते, "देव पुढच्या वळणावर. इथे फक्त भाकरी."

तिचा नवरा गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि मुलगा रामिझ पाच. बाजारातले चार मोठे लोक सांगायला आले, की बाईमाणसाने भट्टीसमोर उभं राहणं बरं दिसत नाही, आपण एखादा माणूस ठेवू. तिने त्यांना आत बोलावलं, एकेकाच्या हातात फळी दिली आणि म्हणाली, "चला, कोणाला ठेवायचं ते बघू." अर्ध्या तासात चौघेही घाम पुसत बाहेर. त्याला आता एकतीस वर्षं झाली. तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही.

आमच्याकडे घरोघरी भट्टी नसते. कणीक घरात मळायची, थाळ्यात लावायची, डोक्यावर घेऊन तिच्याकडे न्यायची. सणाला खजूर भरलेल्या रव्याच्या मामूलचे थाळे येतात. प्रत्येक घरची बाई पितळी चिमट्याने मामूलवर आपली नक्षी काढते. कोणाची गव्हाची लोंबी, कोणाच्या तिरप्या रेघा, कोणाचं नुसतं टोचटोच. थाळ्यावर नाव लिहायची गरज नसते. उम्म रामिझ नक्षी बघते आणि म्हणते, "हा आराक्सीचा. हा हाजीच्या सुनेचा, बाईने आज भांडून चिमटा मारलाय."

त्या वर्षी तिन्ही सण एकमेकांच्या अंगावर आले. आमचा रमजान संपत आलेला, ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपासाचा शेवटचा आठवडा, आणि यहुद्यांचा पेसाह. नेमकी या सगळ्याच्या तोंडावर नगरपालिकेची नोटीस आली. भट्टीत बाहेरून आलेलं अन्न भाजलं जातं अशी तक्रार आहे, उत्तर द्या.

उत्तर मी लिहिलं. मी गल्लीच्या भाडेकरू समितीचा अध्यक्ष. शाळा सातवीत सुटली, हिब्रू नोटिसा वाचून शिकलो आणि कायदा त्यांना उत्तरं देऊन. पेन हातात आलं की माझं डोकं तापतं. मी झोकात लिहिलं, की इथे साठ वर्षं सगळ्या धर्मांच्या घरांतून थाळे येतात, रोज येतात, आणि येत राहतील. तुमच्या कार्यालयाच्या जन्माआधीपासून येतात. खाली जोरात सही ठोकली.

आठवड्यात दुसरा कागद आला. त्यात माझंच वाक्य काढून वर छापलेलं होतं. आरोप मान्य आहे असं धरून हुकूम: या जागेत तयार न झालेला कोणताही पदार्थ भट्टीत घालता येणार नाही. बुधवारी तपासणी. बाहेरचा एक थाळा जरी सापडला तरी भट्टीला सील.

मी तो कागद तिला वाचून दाखवला.

"म्हणजे त्यांना काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तू सांगितलंस."

"मी आपला हक्क मांडला, उम्म रामिझ."

"छान मांडलास, वकीलसाहेब. आता सील लागलं की त्याच्यावर पण तुझी सही घेऊ."

मी म्हटलं, बुधवारी गल्ली बंद ठेवू, फलक लावू, शंभर माणूस उभा करतो. तिने राख झाडता झाडता विचारलं, "शंभर माणूस सील काढणार का? मग काय कामाचा? परत वाच. हळू वाच. तुझा राग बाजूला ठेवून वाच."

मी वाचलं. या जागेत तयार न झालेला पदार्थ घालता येणार नाही.

"म्हणजे इथे तयार झालेला चालेल."

"तसं त्यांना म्हणायचं नाही."

"त्यांना काय म्हणायचंय ते मी कुठे विचारलं? लिहिलंय काय ते विचारलं."

दुपारपर्यंत निरोप घरोघर गेला: बुधवारी थाळा रिकामा आणा, रवा, तूप, खजूर बरोबर आणा, चिमटा विसरू नका. मळायचं भट्टीतच.

एकच अडचण होती. आराक्सी मावशी. आर्मेनियन मोहल्ल्यात वरच्या अंगाला राहते, वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, दोन वर्षांत उंबरा ओलांडलेला नाही. तिचा थाळा दर सणाला दुसरं कोणी आणायचं. मी म्हटलं, या वेळी तिचा एक थाळा राहू दे. नाहीतर तिच्या शेजारणीला, सोनियाला, तिच्या वाटचं मळू दे.

उम्म रामिझ माझ्याकडे बघतच राहिली. "माझा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस या भट्टीत थाळा आला नाही. लोकांना वाटलं, बाई काय भाजणार, जाळून ठेवेल. पहिला थाळा आराक्सीने आणला. मी खरंच जाळला. दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन आली. तिचा थाळा मागे ठेवून मी बाकीचे भाजू? मग सील त्यांनी लावलं काय आणि मी लावलं काय."

"पण तिला आणणार कशी?"

"शुक्रीची गाडी आहे की."

शुक्री आमच्या बाजारातला हमाल. या शहरात पायऱ्यांचे रस्ते, मधे चाकांपुरता उतार. हातगाडीला ब्रेक नसतो. मागे साखळीने जुना टायर बांधलेला असतो, उतारावर हमाल त्या टायरवर उभा राहतो आणि घासत घासत खाली येतो. शुक्रीने आराक्सी मावशीला पाहिलं, तिच्या मांडीवरचं रव्याचं भांडं पाहिलं आणि म्हणाला, "मी पुढे दांडा धरतो. टायरवर माणूस पाहिजे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी समितीचा अध्यक्ष, इस्त्रीचा शर्ट, रोजा धरलेला, टायरवर उभा राहिलो. आराक्सी मावशी गादीवर राणीसारखी बसली होती, काळा स्वेटर, हातात चिमटा. खाली याफा दरवाजाकडून यात्रेकरूंचा जथा भजन म्हणत चढत होता. शुक्री ओरडला, "बाजूला व्हा, आजी येतेय." जथा भिंतीला चिकटला. कोणीतरी फोटो काढला. आराक्सी मावशी त्याच्याकडे चिमटा रोखून आर्मेनियनमध्ये काहीतरी म्हणाली, ते मी इथे लिहीत नाही. मग मागे वळून मला म्हणाली, "जोर लाव रे. मला भट्टीत जायचंय, स्वर्गात नाही."

पोहोचलो तेव्हा तीन माणसांच्या जागेत अकरा बायका होत्या. कोपरे, पिठाचे हात, नवऱ्यांच्या कागाळ्या. आराक्सी मावशीला पोत्यांवर बसवलं, तिने मळायला घेतलं आणि लगेच सोनियाला सांगितलं, "तूप कमी आहे तुझं. तुझ्या आईचं पण कमीच असायचं."

तपासणीवाला आला. चष्मा, छातीशी फाईल. दारातून आत शिरायला जागा नव्हती, म्हणून बाहेरूनच विचारलं, "या सगळ्या कोण?"

"माझ्या कामाला आलेल्या," उम्म रामिझ म्हणाली.

"सगळ्या?"

"सण आहे."

"मग प्रत्येक थाळ्याची नक्षी वेगळी का? माल एकाच दुकानाचा ना?"

"हात वेगळे आहेत. तुमच्या कार्यालयात सगळ्यांचं अक्षर सारखं आहे का?"

मला बोलायचं होतं. तिने न बघता फळीचा दांडा माझ्या पोटासमोर आडवा धरला. 

त्याने अंग चोरून आत येऊन एकेक थाळा पाहिला. बाहेरून मळून आणलेलं काहीच नव्हतं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर वळलं जात होतं. मग म्हणाला, पदार्थ विकायचा असेल तर तयार माल चाखून नोंद करावी लागते. कोणी चाखलाय?

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आम्हा मुसलमानांचा रोजा. ख्रिस्ती बायकांना ईस्टरपर्यंत तूप वर्ज्य. सकाळपासून खोलीभर मामूल भाजत होते आणि एकीनेही तुकडा तोंडात टाकला नव्हता.

उम्म रामिझने गरम मामूल फळीवर घेऊन त्याच्यासमोर धरला. "तुम्हीच चाखा."

तो एक पाऊल मागे सरला. मान हलवली. "पेसाह आहे. या आठवड्यात आम्हाला हे रव्याचं चालत नाही."

 मग आराक्सी मावशी पोत्यांवरून म्हणाली, "म्हणजे खाणारा एकही नाही आणि भांडण एवढं."

हशा झाला. तपासणीवालाही ओठ दाबून हसला. हसला म्हणून मी त्याला माफ केलं नाही. त्याच्या फाईलमध्ये सील होतं, ते मी पाहिलं होतं. त्याने ते बाहेर काढलं नाही, एवढंच. उभ्या उभ्या एक कागद लिहिला, माझ्या हातात दिला आणि गेला.

"वाच," उम्म रामिझ म्हणाली. "हळू."

एवढ्या जागेत एका वेळी चारपेक्षा जास्त कामगार असू नयेत. उल्लंघन झाल्यास कारवाई.

मी उसळलो. म्हटलं, हा सरळ छळ आहे, मी आत्ता उत्तर लिहितो, असं लिहितो की...

"तू काही लिहू नकोस." तिने भट्टीतून आराक्सीचा थाळा काढला. लोंबीची नक्षी, बदामी रंग, एकही जळलेला नाही. तो मावशीच्या मांडीवर जाड फडक्यावर ठेवला. मग हात पुसले. "म्हणजे चार चालतील."

बायकांनी पाळ्या लावायला सुरुवात केली. चौघी आत, बाकीच्या गल्लीत रांगेने. उद्याच्या पहिल्या पाळीची नावं उम्म रामिझने स्वतः सांगितली आणि पहिलं नाव आराक्सीचं घेतलं.

"उद्या परत?" मी विचारलं.

"तिचा अजून एक थाळा बाकी आहे," ती म्हणाली. "आणि हा शर्ट घालून येऊ नकोस. टायरचा काळा डाग निघत नाही."