गुडघ्याएवढ्या उंचीवरचा चेंडू

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना बेसबॉल खेळायला लागली, तेव्हा टीममध्ये ती एकटीच मुलगी होती. मी नागपूरहून नोकरीसाठी परदेशात, किचनरला आलेला, क्रिकेटवर वाढलेला माणूस. जाळीला टेकून ओरडायचो, "बॅट सरळ धर, सरळ!" ती वैतागायची. "बाबा, धिस इज नॉट क्रिकेट!"

गोल्फ तिला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला भेटला. मुलींना ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या फटक्यांचा सराव करतात त्या मैदानावर, नेलं होतं. मी आणायला गेलो, तर तिथल्या वयस्कर प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं.

"आज पहिल्यांदाच गोल्फचा क्लब हातात धरला म्हणते. खरं का?"

"खरं आहे."

"मग शनिवारी परत घेऊन या."

त्यानंतर तिचे दोन्ही खेळ चालू राहिले. किचनरहून तासाभरावर लंडन नावाचंच एक शहर आहे. तिथल्या युनिव्हर्सिटीत गोल्फच्या टीममध्ये ती पहिल्याच वर्षी सगळ्यांत पुढे गेली. उन्हाळ्यात मात्र बायकांच्या लीगमध्ये बेसबॉल. तिच्या गोल्फच्या कोचना ते पटत नव्हतं. बेसबॉलची बॅट आडवी फिरते, गोल्फचा क्लब वरून खाली येतो. एका खेळाची सवय दुसरा खेळ बिघडवते, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. एकदा तिला लंडनला सोडायला जाताना गाडीत मी विषय काढला. एरवी इंग्रजीत बोलणारी पोर चक्क मराठीत म्हणाली, "बक्षिसं गोल्फची मिळतात, म्हणून तुम्हाला बेसबॉल नकोसा झालाय."

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बेसबॉलच्या मॅचमध्ये बेसवर घसरत जाताना तिचं मनगट मोडलं. त्या वर्षीचा गोल्फचा अख्खा सीझन गेला. कोच काहीच बोलले नाहीत. मी बोललो. "बघ, सांगत होतो ना?" ते वाक्य परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं. त्या हिवाळ्यात सुट्टीत घरी आली की बेसमेंटच्या कार्पेटवर तासन् तास पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून नेमका घालवायचा सराव, करायची. चुकलं की चेंडू उचलून आणून पुन्हा मारायची.

तिसऱ्या वर्षी विंडसरजवळ आमच्या प्रांताची गोल्फची फायनल होती. तिच्याशी चुरस असलेली मुलगी आधीच खेळून मोकळी झाली होती. माझ्या मुलीचं शेवटचं होल बाकी होतं, आणि ते चार फटक्यांत पुरं केलं तरच ती जिंकणार होती. तिचा दुसरा फटका वाळूच्या खड्ड्याच्या काठावर, उंच गवतात जाऊन अडकला. उभं राहायचं खाली वाळूत, आणि चेंडू वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. असा फटका मारायचा तरी कसा? माझ्या शेजारी उभे असलेले कोच पुटपुटले, "आता हिने चेंडू सुरक्षित बाजूला काढून घ्यावा."

ती मात्र चेंडूकडे बघून हसली. क्लब आखूड धरला, गुडघे वाकवले आणि बेसबॉलच्या बॅटसारखा आडवा फिरवला. चेंडू गवतातून निघाला, टप्पा खात हिरवळीवर गेला आणि झेंड्यापासून चार पावलांवर थांबला. पुढच्या फटक्यात तो आत.

माझी बायको रडत होती. कोच टोपी काढून माझ्याकडे वळले. "मी हिला बेसबॉल सोडायला सांगितलं होतं, हे कुणाला सांगू नका."

"मीही सांगितलं होतं," मी म्हणालो. संध्याकाळी तिची माफी मागितली. "इट्स ओके, बाबा," म्हणत तिने मला मिठी मारली.

शिक्षण संपल्यावर व्यावसायिक खेळाडू होण्यासाठी तिने दोनदा पात्रता फेरी दिली. दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं. दुसऱ्या वेळी तिचा फोन आला, "आय गेव्ह इट एव्हरीथिंग." मी विचारलं, "जेवलीस का?" ती हसायला लागली, मग रडली, मग पुन्हा हसली.

आता ती लंडनलाच फिजिओथेरपिस्ट आहे आणि संध्याकाळी लहान मुलींना बेसबॉल शिकवते. टीममध्ये चौदा जणी आहेत. मागच्या शनिवारी आम्ही दोघं बघायला गेलो होतो. पहिली मॅच त्या सपाटून हरल्या, आणि माझी मुलगी प्रत्येकीला बोलावून तिने काय चांगलं केलं ते सांगत होती.